कर्करोग संशोधनाच्या परिषदेला पहिल्यांदा जाताय? सहकारी शोधण्याची तयारी अशी करा

युरोपातल्या व्याख्येप्रमाणे वर्षाला १ लाख लोकांमागे ६ पेक्षा कमी जणांना होणारा कर्करोग दुर्मीळ समजला जातो. असे सगळे दुर्मीळ प्रकार एकत्र धरले, तर तिथल्या दर पाच नव्या रुग्णांपैकी एकाहून जास्त जण त्यांत मोडतात. आता यातल्या एकाच प्रकारावर काम करणारी लॅब डोळ्यांसमोर आणा. शेजारी मोठं रुग्णालय असलं तरी वर्षभरात तिच्या फ्रीझरमध्ये मोजकेच ट्यूमर जमा होतात, आणि तेवढ्यावर कोणताही निष्कर्ष उभा राहत नाही. नेहमीच्या कर्करोगांचीही गत आता फारशी वेगळी नाही. स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग हे नाव एकच, पण जनुकीय बदलांनुसार गट पाडत गेलं की शेवटी हातात लहान लहान गटच उरतात.

त्यामुळे या क्षेत्रात एकट्याने फार पुढे जाता येत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत ट्यूमरच्या संपूर्ण जनुकसंचांचं मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात २,६०० हून जास्त ट्यूमर होते आणि ३७ देशांतले १,३०० हून जास्त शास्त्रज्ञ त्यावर राबले होते. एवढ्या मोठ्या कामात सगळे सहभागी होणार नाहीत, पण दोन लॅबमधलं साधं सहकार्यसुद्धा त्याच पायावर उभं असतं: माझ्याकडे नाही ते तुझ्याकडे आहे, हे एकमेकांना कळणं आणि पटणं.

परिषदेला जायचं ते मुख्यतः यासाठी, असं माझं ठाम मत आहे. भाषणांचा बराचसा भाग नंतर रेकॉर्डिंगमध्ये किंवा छापील निबंधात मिळतो. योग्य माणसाशी समोरासमोर झालेलं पंधरा मिनिटांचं बोलणं मात्र नंतर कुठेही मिळत नाही. म्हणून हा लेख त्या पंधरा मिनिटांच्या तयारीबद्दल आहे. पीएचडीचे विद्यार्थी, नुकतंच काम सुरू केलेले डॉक्टर, लॅबमधले संशोधन सहायक, संख्याशास्त्राकडून या क्षेत्रात आलेले लोक, अशा सगळ्यांसाठी तो लिहिला आहे.

सगळ्यात आधी दोन वाक्यं लिहा

रजिस्ट्रेशन, तिकीट, पोस्टर (परिषदेत मांडायचा आपल्या कामाचा मोठा फलक) या सगळ्याच्या आधी कागदावर दोन वाक्यं लिहून काढा. पहिलं, "माझ्याकडे अमुक आहे." दुसरं, "मला अमुक हवं आहे." दोन्ही जितकी नेमकी होतील तितकी करा. "मला इम्युनोथेरपीत रस आहे" या वाक्याने ऐकणाऱ्याला काहीच करता येत नाही. "औषध सुरू करण्यापूर्वी आणि औषधाचा परिणाम थांबल्यावर, अशा दोन्ही वेळच्या बायोप्सी आमच्याकडे आहेत, पण एकेका पेशीचं आरएनए वाचायची सोय नाही" असं म्हटलं, की समोरचा लगेच विचार करायला लागतो: ही सोय माझ्याकडे आहे का, किंवा ती कोणाकडे आहे हे मला माहीत आहे का?

नवीन लोकांची अडचण बहुधा पहिल्या वाक्याशी होते. आपल्याकडे देण्यासारखं काय असणार, असं त्यांना वाटतं. तसं क्वचितच असतं. उपचारांनंतर कित्येक वर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या नोंदी, एखाद्या अवघड प्रयोगाची नीट बसवलेली पद्धत, चांगला लिहिलेला कोड, वेगळ्या लोकसमूहातले नमुने, पॅथॉलॉजीच्या स्लाइड वाचायची तयार नजर, या सगळ्यांना किंमत आहे. न जमलेल्या प्रयोगालाही आहे. ॲमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरची ५३ गाजलेली प्रयोगशालेय संशोधनं पुन्हा करून पाहिली, तेव्हा फक्त ६ चे निष्कर्ष पुन्हा मिळाले, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा क्षेत्रात "हे आम्ही नीट काळजी घेऊन तीनदा केलं आणि आम्हाला ते दिसलं नाही, ही बघा आकडेवारी" असं सांगणारा विद्यार्थी दुसऱ्या एखाद्या लॅबचं एक वर्ष वाचवू शकतो.

लिहून झालेली दोन वाक्यं गाईडला दाखवा. बाहेर काय सांगायचं आणि काय अजून सांगायचं नाही, हे त्याच बैठकीत ठरवून घ्या. या प्रश्नाकडे पुढे पुन्हा येऊच.

परिषद निवडताना आकाराला भुलू नका

अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्च, म्हणजे एएसीआर, १९०७ मध्ये स्थापन झाली. तिची वार्षिक सभा साधारण एप्रिलमध्ये भरते. पेशींच्या मूलभूत जीवशास्त्रापासून नव्या औषधांच्या पहिल्या चाचण्यांपर्यंत सगळं तिथे असतं. १९६४ मध्ये सुरू झालेली अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी, म्हणजे आस्को, ही मुख्यतः रुग्णांवर उपचार करणाऱ्यांची संस्था. तिची सभा मेच्या अखेरीस शिकागोत भरते आणि हजारो डॉक्टर तिथे जमतात. उपचारपद्धती बदलून टाकणाऱ्या चाचण्यांचे निकाल अनेकदा तिथेच पहिल्यांदा जाहीर होतात. युरोपात १९७५ ची युरोपियन सोसायटी फॉर मेडिकल ऑन्कॉलॉजी, म्हणजे एस्मो, असून तिची काँग्रेस शरद ऋतूत असते. एकाच अवयवापुरत्या किंवा एकाच विषयापुरत्या परिषदा वेगळ्या: स्तनाच्या कर्करोगासाठी १९७८ मध्ये सुरू झालेला, आता डिसेंबरमध्ये भरणारा सान अँटोनियोचा परिसंवाद, रक्ताच्या कर्करोगांसाठी अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीची डिसेंबरमधली सभा, मुलांच्या कर्करोगांसाठी सिऑप ही आंतरराष्ट्रीय संस्था. रुग्णांच्या नोंदणी, प्रतिबंध, तपासणी मोहिमा आणि धोरण यांवर काम असेल तर १९३३ मध्ये स्थापन झालेल्या यूआयसीसी या आंतरराष्ट्रीय संघटनेची वर्ल्ड कॅन्सर काँग्रेस पाहा. आफ्रिकेतल्या कामासाठी एऑर्टिकची परिषद आहे.

या मोठ्या सभांत सगळं क्षेत्र एका छताखाली दिसतं आणि ते एकदा तरी पाहावं. पण वर्षातून एकाच परिषदेला जाणं परवडणार असेल आणि हेतू सहकारी शोधण्याचा असेल, तर माझा कौल लहान परिषदेला आहे. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सचं उदाहरण घ्या. १९३१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नील गॉर्डन यांनी ही परंपरा सुरू केली. तिथे साधारण दोनशेपर्यंत माणसं एका ठिकाणी जवळपास आठवडाभर एकत्र राहतात, एकत्र जेवतात. सकाळी आणि संध्याकाळी भाषणं होतात आणि दुपार मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. तिथे ऐकलेलं उद्धृत करायचं नाही, भाषणांचे आणि पोस्टरचे फोटो काढायचे नाहीत, रेकॉर्डिंग करायचं नाही, हा नियम आहे. या नियमामुळेच लोक अप्रकाशित, अर्धवट, अजून न उलगडलेलं काम मोकळेपणाने दाखवतात. सहकार्य नेमकं अर्धवट कामातूनच सुरू होतं, कारण पूर्ण झालेल्या कामात दुसऱ्याला करण्यासारखं फारसं उरत नाही. अनेक गॉर्डन परिषदांना जोडून आधीचे दोन दिवस फक्त विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे तरुण संशोधक) यांचा सेमिनार असतो. तो मिळत असेल तर सोडू नका. मुख्य परिषद सुरू होण्यापूर्वीच तुमच्या वयाचे पंधरा-वीस जण ओळखीचे होतात आणि पुढचे पाच दिवस कोणाशेजारी बसायचं हा प्रश्न राहत नाही. कीस्टोन सिम्पोझिया, कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या सभा, एम्बोच्या कार्यशाळा यांचाही आकार असाच आटोपशीर असतो.

तिसरा प्रकार आहे काम करून घेणाऱ्या कार्यशाळांचा. तरुण डॉक्टरांनी त्याची विशेष माहिती ठेवावी. क्लिनिकल चाचण्यांची आखणी शिकवणारी एक कार्यशाळा १९९६ मध्ये कोलोरॅडोतल्या व्हेल इथे सुरू झाली. आता ती आस्को आणि एएसीआर मिळून चालवतात. एका चाचणीची कल्पना घेऊन जायचं आणि संख्याशास्त्रज्ञ व अनुभवी डॉक्टरांच्या गटात बसून आठवड्याभरात तिचा पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे सविस्तर आराखडा, लिहायचा, अशी तिची रीत आहे. युरोपातही याच धर्तीची कार्यशाळा चालते.

एक इशारा. तुमच्या मेलवर "मान्यवर वक्ते" म्हणून आमंत्रणं येऊ लागली की हुरळून जाऊ नका. नुसता धंदा म्हणून भरवलेल्या परिषदा खूप आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लढवलेल्या खटल्यात एका प्रकाशन समूहाविरुद्ध ५ कोटी डॉलरहून मोठ्या रकमेचा निकाल लागला. संमती न घेताच नामवंत शास्त्रज्ञांची नावं परिषदांच्या जाहिरातीत घालणं हा त्यातला एक आरोप होता. ओळखायची सोपी खूण म्हणजे विषयांची खिचडी: एकाच दिवशी ऑन्कॉलॉजी, दंतवैद्यक आणि नॅनोतंत्रज्ञान. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे आपल्या कामाचा छोटा सारांश, पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकृती आली तर तीही वाईट खूण समजा. शंका असेल तर जाहिरातीतल्या एखाद्या वक्त्यालाच मेल करून विचारा. तुमच्या लॅबमधलं कोणी त्या परिषदेला पूर्वी गेलं आहे का, हाही चांगला निकष आहे.

तारखा, पैसे आणि ॲबस्ट्रॅक्ट

मोठ्या सभांचे ॲबस्ट्रॅक्ट परिषदेच्या कितीतरी महिने आधी द्यावे लागतात. एप्रिलच्या एएसीआरसाठी साधारण आधीच्या नोव्हेंबरात, तर मेअखेरच्या आस्कोसाठी फेब्रुवारीच्या सुमारास. म्हणजे निर्णय सहा महिने आधी झाला पाहिजे. व्हिसा लागणार असेल तर ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारला गेल्याच्या दिवशीच आयोजकांकडे आमंत्रणपत्र मागा.

प्रवासखर्चासाठीची मदत बहुधा ॲबस्ट्रॅक्टच्या त्याच अर्जात मागायची असते आणि नवीन लोक ती चौकट रिकामी सोडून देतात. एएसीआरचे स्कॉलर-इन-ट्रेनिंग पुरस्कार आणि आस्कोचे मेरिट पुरस्कार अशा कामासाठीच आहेत. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या तरुण कर्करोगतज्ज्ञांसाठी आस्कोचा आयडिया पुरस्कार आहे. त्यात सभेला हजर राहण्यासोबत एक अनुभवी मार्गदर्शक मिळतो आणि त्याच्या संस्थेला भेटही देता येते. सहकार्याच्या दृष्टीने नुसत्या तिकिटाच्या पैशांपेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. यूआयसीसीच्या फेलोशिपमधून एखादं तंत्र शिकायला काही आठवडे दुसऱ्या संस्थेत जाता येतं. परिषदेत ओळख आणि मग फेलोशिपवर भेट, अशी जोडी छान जमते.

ॲबस्ट्रॅक्ट पाठवण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करा. सगळ्या सहलेखकांची लेखी संमती आहे का? रुग्णाची ओळख पटू शकेल असं काही त्यात आलं आहे का? दुर्मीळ ट्यूमर, वय आणि रुग्णालय एवढं एकत्र आलं तरी ओळख पटू शकते, हे विसरू नका. तिसरी गोष्ट पेटंटची. पेटंटचा अर्ज भरण्यापूर्वी शोध जाहीरपणे मांडला गेला तर युरोपात त्याचं नावीन्य संपतं. अमेरिकेत एका वर्षाची सवलत मिळते, पण तिच्यावर विसंबू नका. पोस्टर हेसुद्धा जाहीर मांडणंच असतं. थोडीशीही शक्यता असेल तर संस्थेच्या पेटंट कक्षाशी आधी बोला.

जाण्याच्या तीन आठवडे आधी

कार्यक्रमपत्रिका आली की भाषणांवर खुणा करण्याआधी माणसांची यादी करा. "मला हवं आहे" या वाक्यात बसणारी आठ-दहा नावं पुरेत. प्रत्येकाचा अलीकडचा एक निबंध वाचा, फक्त सारांश नव्हे, आकृत्याही. यादीत लॅबप्रमुखांपेक्षा पोस्टडॉक आणि विद्यार्थ्यांची नावं जास्त असू द्या. नमुने कोणत्या डब्यात आहेत, कोडमध्ये कुठे अडतं, प्रयोग प्रत्यक्षात किती दिवस चालतो, हे त्यांनाच माहीत असतं. शिवाय आजचे हेच तरुण दहा वर्षांनी लॅबप्रमुख असणार आहेत.

मग मेल पाठवा. लांबण नको. मी असं काहीसं लिहीन:

"नमस्कार. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींवरचा तुमच्या गटाचा निबंध वाचला. त्याच औषधाच्या आधी आणि नंतर घेतलेल्या बायोप्सींच्या २२ जोड्या आमच्याकडे आहेत, पण एकेका पेशीच्या विश्लेषणाचा अनुभव नाही. माझं पोस्टर मंगळवारी दुपारी आहे. त्याच्या आधी किंवा नंतर पंधरा मिनिटं भेटता येईल का? तुम्हाला जमणार नसेल तर तुमच्या गटातल्या कोणाशी बोलू, तेवढं कळवा."

यात काय आहे ते कळतं, काय हवं ते कळतं, वेळ ठरलेली आहे, आणि नकार देणाऱ्यालाही सोपी वाट आहे. निम्म्या मेलना उत्तर येणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उत्तर न देणाऱ्याला परिषदेत भेटून "मी मेल केला होता" असं सांगता येतं, आणि ते संभाषण सुरू करायला पुरेसं असतं.

पोस्टर: तुमची खरी जागा

तोंडी भाषण मिळालं नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सहकार्यासाठी पोस्टरच बरं. भाषणानंतर दोन-तीन प्रश्नांना वेळ मिळतो. पोस्टरपाशी तास-दोन तास माणसं स्वतःहून तुमच्याकडे येतात आणि विषयात रस असलेलीच येतात.

पोस्टरवर मजकूर कमी ठेवा. २०१९ मध्ये माइक मॉरिसन यांनी सुचवलेली मांडणी आता बऱ्याच ठिकाणी दिसते: मधोमध मोठ्या अक्षरांत मुख्य निष्कर्ष साध्या वाक्यात, बाजूंना तपशील आणि क्यूआर कोड. ती जशीच्या तशी उचलायची गरज नाही, पण पाच पावलांवरून निष्कर्ष वाचता आला पाहिजे, हा तिचा गाभा घ्या. त्यात माझी एक भर: उजवीकडे खाली एक छोटी चौकट ठेवा आणि तुमचं दुसरं वाक्य तिथे छापा. "या जनुकीय बदलाचे नमुने असलेल्या गटांशी बोलायचं आहे" असं स्पष्ट लिहिलेलं पोस्टर फार कमी दिसतं आणि म्हणूनच ते लक्षात राहतं.

पोस्टरच्या समोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा. कोणी थांबलं की आधी त्यांनाच विचारा, "तुम्ही कशावर काम करता?" उत्तर ऐकून मगच दोन मिनिटांत सांगा. समोर पॅथॉलॉजिस्ट असेल तर स्लाइडपासून सुरुवात, संख्याशास्त्रज्ञ असेल तर नमुन्यांच्या संख्येपासून. सगळ्यांना एकच पाठ केलेलं भाषण ऐकवलं तर लोक मान डोलावून पुढे जातात.

टोकदार प्रश्न विचारणाऱ्यापासून दूर पळू नका. "तुमच्या कंट्रोलमध्ये हे का दिसत नाही?" असं विचारणारा तुमचं काम खरोखर वाचत असतो. उत्तर माहीत नसेल तर "हे आम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही कसं पाहिलं असतं?" असं विचारा. माझ्या मते चांगली सहकार्यं कौतुकातून कमी आणि अशा प्रश्नातून जास्त सुरू होतात.

प्रत्येक बोलण्यानंतर लगेच वहीत तीन गोष्टी टिपा: नाव, काय बोलणं झालं, पुढे कोण काय करणार. चौथं माणूस येईपर्यंत पहिल्याचं विसरायला होतं.

भेटीगाठी

२०११ च्या मार्चमध्ये पोर्तो रिकोतल्या सान हुआन इथे सूक्ष्मजीवशास्त्राची परिषद होती. तिथे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांची पहिली भेट झाली आणि शहरातल्या जुन्या रस्त्यांवरून चालता चालता त्यांनी एकत्र काम करायचं ठरवलं. शार्पेंतिए यांच्याकडे रोगकारक जिवाणूतल्या कॅस९ यंत्रणेचा अभ्यास होता, डाउडना यांच्याकडे आरएनए आणि प्रथिनांची रचना उलगडण्याचं कसब. दुसऱ्याच वर्षी क्रिस्पर या जनुकं नेमक्या जागी कापण्याच्या तंत्रावरचा त्यांचा निबंध आला आणि २०२० मध्ये दोघींना नोबेल मिळालं. आज कर्करोगाच्या असंख्य लॅबमध्ये एकेक जनुक बंद करून पेशी जगते की मरते हे पाहायला तेच तंत्र वापरतात. ती परिषद कर्करोगाची नव्हती, याकडेही लक्ष द्या. दोघींकडे वेगवेगळं काहीतरी होतं आणि प्रश्न एकच होता, म्हणून ती भेट फळाला आली.

त्यामुळे दिवसातला एक तास तरी आपल्या विषयाबाहेरच्या सत्रात बसा. सकाळी आठ ते रात्री आठ सलग भाषणं ऐकणं हा वेळेचा सदुपयोग आहे असं वाटतं, पण तिसऱ्या दिवशी डोकं चालत नाही आणि यादीतली निम्मी माणसं भेटायची राहून जातात. एखादं सत्र सोडून कोणाशी बोलत उभे राहिलात तर काही बिघडत नाही.

एका गटाकडे नवीन लोकांचं सहसा लक्ष जात नाही: रुग्ण आणि रुग्णांचे प्रतिनिधी. एएसीआरने १९९९ मध्ये सायंटिस्ट-सर्व्हायव्हर प्रोग्रॅम सुरू केला. त्यातून रुग्णप्रतिनिधी सभेत येतात, विज्ञान समजून घेतात, स्वतःची पोस्टरही मांडतात. त्यांच्याशी जरूर बोला. दर तीन आठवड्यांनी बायोप्सी द्यायला रुग्ण का कचरतात, संमतीपत्रातलं कोणतं वाक्य त्यांना घाबरवतं, कोणता दुष्परिणाम डॉक्टरांना किरकोळ वाटतो पण रुग्णाला औषध सोडायला लावतो, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकत नाही. दुर्मीळ कर्करोगांत तर नमुन्यांचा आणि नोंदींचा मोठा आधार अनेकदा रुग्णांच्या संघटनांचाच असतो. पुढे चाचणी आखायची वेळ आली तर ही ओळख पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

इंग्रजी अडखळत येत असेल तर हळू बोला आणि आकृती पुढे करा. जमलेल्यांपैकी अनेकांची ती मातृभाषा नसते. बुजऱ्या स्वभावाच्या लोकांनी रोज दोनच माणसांचं लक्ष्य ठेवावं. घोळक्यात शिरण्यापेक्षा रांगेत शेजारी उभ्या असलेल्याशी बोलणं सोपं जातं. ऑनलाइन हजर असाल तर चॅटमधल्या एका चांगल्या प्रश्नानंतर त्याच दिवशी मेल टाका, कारण तिथे मधल्या वेळेत योगायोगाने भेट होत नाही.

दुसऱ्याचा डेटा जपा. स्लाइडवर फोटो न काढण्याची खूण असेल तर काढू नका. खासगी बोलण्यात ऐकलेलं तिसऱ्याला सांगू नका. या क्षेत्रात बातमी लवकर फिरते आणि कोणाजवळ बोलायला हरकत नाही हे लोक नीट लक्षात ठेवतात.

परत आल्यावरचे सहा आठवडे

सगळ्यात जास्त सहकार्यं इथे मरतात. परिषदेत दोघंही उत्साहात असतात, परतल्यावर साचलेली कामं पुढ्यात असतात आणि "नक्की संपर्कात राहू" तिथेच राहतं. परतल्यापासून दोन दिवसांत मेल पाठवा. त्यात काय ठरलं ते दोन ओळींत लिहा आणि आपल्या वाट्याचं काही लगेच जोडा: कबूल केलेला प्रोटोकॉल, निबंधाची प्रत, कोडचा दुवा. ज्याच्याकडून पहिली गोष्ट येते त्याच्यावर विश्वास बसतो.

मग अगदी छोटं काम ठरवा. पाच स्लाइड रंगवून पाहणं, एका डेटासंचावर दुसऱ्याचा कोड चालवणं, एका पेशीरेषेवर (लॅबमध्ये सतत वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशींवर) एक औषध तपासणं. सहा आठवड्यांत होईल असं काहीतरी. मोठ्या प्रकल्पाच्या गप्पा त्यानंतर. छोट्या कामातून समोरचा वेळेवर उत्तर देतो का, नको असलेला निकाल आला तर लपवतो की सांगतो, हे कळतं. दुसरी गोष्ट खटकली तर तिथेच थांबा.

साहित्याची देवाणघेवाण कागदपत्रांशिवाय करू नका. पेशी, प्राणी, ऊतींचे नमुने यांसाठी दोन संस्थांत साहित्य हस्तांतराचा करार लागतो आणि रुग्णांच्या माहितीसाठी डेटा वापराचा वेगळा करार. त्यावर सह्या व्हायला महिने जाऊ शकतात, म्हणून संस्थेतल्या संबंधित कक्षाला पहिल्याच आठवड्यात कळवा. प्लाझ्मिड (जनुकं पेशीत घालायला वापरतात तो डीएनएचा छोटा गोल तुकडा) हवं असेल तर आधी ॲडजीनवर पाहा. २००४ मध्ये सुरू झालेलं हे विनानफा भांडार आहे आणि करारांची झंझट तिथे बरीच कमी होते. रुग्णांच्या नमुन्यांबाबत मूळ संमतीपत्र काढून वाचा: दुसऱ्या संस्थेला किंवा दुसऱ्या देशात नमुने देण्याची मुभा त्यात आहे का? नसेल तर नैतिकता समितीकडे जावं लागेल. कधीकधी नमुने न हलवता विश्लेषणाचा कोडच त्यांच्याकडे पाठवणं सोपं पडतं.

पेशीरेषा आली की वापरण्यापूर्वी तिची ओळख तपासा. डीएनएवरून ओळख पटवणारी एसटीआर चाचणी करा आणि पेशींत नकळत शिरणारा मायकोप्लाझ्मा हा जिवाणू आहे का, तेही तपासा. चुकीच्या ओळखीने वावरणाऱ्या ५०० हून जास्त पेशीरेषांची जाहीर यादी आहे. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीरेषा वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि प्रत्यक्षात ती त्वचेच्या मेलानोमाची निघाली. पाठवणाऱ्यावर अविश्वास म्हणून ही चाचणी करायची नसते. उलट अहवाल त्यालाही पाठवा, त्याच्या कामालाही उपयोग होईल.

लेखकांच्या नावांचं बोलणं पहिला निकाल येण्यापूर्वी करा. अवघड वाटतं, पण निकाल आल्यावर ते जास्त अवघड होतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष समोर ठेवा: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही पूर्ण करणारा लेखक, बाकीच्यांचे आभार. पहिलं नाव कोणाचं, निकाल उलटा लागला तर छापायचा का, डेटा कुठे ठेवायचा, एवढं एका पानावर लिहा आणि दोन्ही गाईडना पाठवा. गाईड लोकांना हे पान विद्यार्थ्यांकडून आलेलं आवडतं, कारण नंतरचे वाद त्यांनाच सोडवावे लागतात.

आणि एक तारीख ठरवून घ्या. पुढच्या वर्षीच्या त्याच परिषदेच्या ॲबस्ट्रॅक्टची मुदत ही सगळ्यात सोयीची. तोवर छोट्या कामाचा निकाल हातात असेल तर दोन्ही लॅबच्या नावाने ॲबस्ट्रॅक्ट जातो आणि ज्याने जास्त काम केलं तो पोस्टरपाशी उभा राहतो. नसेल तर काय अडलं हे त्याच आठवड्यात फोनवर बोलून घ्या आणि काम पुढे न्यायचं की थांबवायचं हे दोघांनी मिळून ठरवा.